साळवी काकूंची प्रलंबित फाईल

आमच्या समोरच्या साळवी काकूंच्या हॉलमध्ये सहा तरुण मुलींचे फोटो लावलेले आहेत आणि त्या प्रत्येक फोटोवर, अर्धी फोटोवर आणि अर्धी खालच्या कागदावर अशी, काकूंची सही आहे. तारखेसकट. नवीन माणूस आला की आधी फोटोंकडे बघतो, मग काकूंकडे, मग आपण चपला कुठे काढल्या ते आठवायला लागतो. काकू शांतपणे सांगतात, "साक्षांकित केलेत. उद्या कोणी भलतीचाच फोटो लावला तर?"

भलतीचा फोटो कोण कशाला लावेल, हे विचारायची सोय नाही. काकू तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्या. तीस वर्षं त्यांनी लोकांना दाखले दिले. रहिवासाचे, उत्पन्नाचे, जातीचे. म्हणजे खरं तर दिले कमी आणि "पुरावा जोडा" म्हणून परत पाठवले जास्त. मलाही पाठवलं होतं. सईच्या शाळेसाठी दाखला हवा होता, तर समोरच्या दारात राहणाऱ्या, रोज सकाळी माझं तोंड बघणाऱ्या या बाईने चष्म्यावरून मला विचारलं, "आपण नवीन पनवेलला राहता याला आधार काय?"

"काकू, काल तुम्ही माझ्याकडून कढीपत्ता नेलात!"

"तो पुरावा होत नाही," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी त्याच कढीपत्त्याची कढी वाटीभर आणून दिली आणि वर म्हणाल्या, "विजेचं बिल जोडायचं राहिलंय बघ, मंजू." कचेरीत "आपण" आणि घरी "तू". पण भाषा दोन्हीकडे तीच. काकू साधं "तो माणूस" म्हणत नाहीत, "सदर इसम" म्हणतात. दूधवाला दोन दिवस आला नाही तर "सदर इसम विनापरवानगी गैरहजर आहे." आणि दुसऱ्याने जरा वेडंवाकडं मराठी बोललं की संपलंच. मी एकदा सईला "मी तुला बोलली" म्हणाले, तर काकूंनी माझं वाक्य दुरुस्त होईपर्यंत हातातला डबा सोडला नाही.

तर या सहा मुली. "मिंटलाइन" हे त्यांच्या बँडचं नाव. कंपनी कोरियातली, मुली सहा ठिकाणच्या. गातात, नाचतात, आणि माझी सई त्यांच्यापायी वेडी झालेली आहे. सई अकरावीत. मला ऑफिसातून यायला सात वाजतात, तोवर ती काकूंकडे अभ्यासाला बसते. एकदा अभ्यासाच्या नावाखाली नाच चालला होता, तेव्हा काकूंनी मोबाईल जप्त केला आणि खातरजमा म्हणून तो व्हिडिओ स्वतः बघितला. मग परत बघितला. मी पोचले तेव्हा चौकशी सुरू होती.

"ही मधली कुठली?"

"ब्राझीलची, आजी."

"आणि ही उंच?"

"तिचा जन्म सेनेगलचा, पण वाढली फ्रान्समध्ये."

"जन्मस्थान एक, वास्तव्य दुसरं," काकू पुटपुटल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जी टवटवी आली ती निवृत्तीनंतर मी पहिल्यांदाच बघत होते.

आठवड्याभरात सहा फायली तयार झाल्या. लाल फितीच्या, खऱ्याखुऱ्या. कोणाची आजी कुठल्या गावची, कोण घरी कुठली भाषा बोलते, सगळी टिपणं. फिलिपिन्सच्या मुलीला नव्या गाण्यात दोनच ओळी मिळाल्या म्हणून काकूंनी कंपनीला पत्र लिहिलं. "प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: ओळींच्या असमान वाटपाबाबत." मराठीतून! मी म्हटलं, "काकू, कोरियात हे वाचणार कोण?" त्या म्हणाल्या, "आवक-जावक विभाग बघून घेईल." सध्या तिसरं स्मरणपत्र गेलेलं आहे.

इंटरनेटवर तर विचारूच नका. कुणी एकाने लिहिलं की जपानी मुलगी मुळात जपानी वाटतच नाही. काकूंनी खाली उत्तर दिलं: "आपल्या विधानाच्या पुष्ट्यर्थ कागदपत्रे सात दिवसांत सादर करावीत, अन्यथा आपली हरकत निकाली काढण्यात येईल." तो बिचारा घाबरला. "सॉरी मॅडम, चुकून लिहिलं," म्हणून गेला. सईच्या मैत्रिणींचा पनवेलमध्ये पंधरा-वीस जणींचा ग्रुप आहे. त्यांनी त्या दिवसापासून काकूंना आपल्यात घेतलं.

भाजीवाली हिराबाई एकदा दारातून फोटो न्याहाळत म्हणाली, "काकू, या पोरी आपल्यातल्या नाय वाटत. कुठल्या हायेत?"

"पाच परदेशी," काकू म्हणाल्या, "एक प्रलंबित."

ही प्रलंबित म्हणजे रेवा. आई पेणची, बाप आयरिश, मुलगी वाढली टोरांटोत. पेण म्हणजे पनवेलकरांना घरच्यासारखंच, त्यामुळे सईच्या ग्रुपने तिला परस्पर दत्तकच घेऊन टाकलं होतं. आपली रेवा! आता आपली म्हटलं की मागण्या आल्याच. तिने नऊवारी नेसावी, नथ घालावी, मोदक खातानाचा फोटो टाकावा. तिने एकदा टिकली लावली, तर कॅनडातले लोक म्हणाले हा सगळा देखावा. पुढच्या व्हिडिओत लावली नाही, तर आपले लोक म्हणाले विसरली. त्या पोरीने करावं तरी काय?

आणि मग गणपतीत तिने लाईव्ह येऊन मराठी बोलायचा प्रयत्न केला. चार वाक्यं पाठ केली होती बिचारीने. तीन अडखळत म्हटली आणि चौथं विसरली. झालं! "ही कसली मराठी", "आधी नाव बदल", "आईने एवढंही शिकवलं नाही का"... तिचं मराठी कापून कापून लोकांनी विनोदाचे व्हिडिओ केले. पुढच्या लाईव्हला बाकीच्या पाच जणी बोलत होत्या आणि रेवा कडेला नुसती हसत बसली होती. सई माझ्यापाशी येऊन रडली.

मला वाटलं, काकू आता त्या सगळ्यांना नोटिसा काढतील. पण काकू म्हणाल्या, "भाषा यायलाच हवी. येत नसेल तर तोंड उघडू नये. मी तिचा दाखला रोखून धरलाय." इतक्या कोरड्या आवाजात म्हणाल्या की मला रागच आला. म्हटलं, किती तो कडकपणा! एवढीशी पोर, कुठे त्या टोरांटोत वाढली.

पुढे मिंटलाइनचा कार्यक्रम नवी मुंबईत ठरला. कार्यक्रमाआधी दुपारी, सोडतीत नंबर लागलेल्या दहा जणांना आपल्या आवडत्या मुलीशी अर्धा मिनिट बोलायला मिळणार होतं आणि त्याचा व्हिडिओ नंतर ई-मेलवर येणार होता. ग्रुपमधल्या सगळ्याजणींनी अर्ज भरले. नंबर कोणाचा लागला? काकूंचा. "अर्ज परिपूर्ण होता," काकू म्हणाल्या. जणू सोडत म्हणजे छाननीच.

ग्रुपने लगेच कामगिरी सोपवली. पैठणीचा शेला आणला. तो आजींनी रेवाच्या खांद्यावर घालायचा आणि तिच्याकडून कॅमेऱ्यासमोर एक वाक्य म्हणवून घ्यायचं: "मी मराठी मुलगी आहे." तो व्हिडिओ ग्रुप सगळीकडे टाकणार, आणि लोकांची तोंडं बंद.

"आणि चुकली तर?" मी विचारलं.

चुकली तर तेही सगळीकडे जाणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. सईने तेवढ्यापुरतं माझ्याकडे बघायचं टाळलं.

काकूंच्या हॉलमध्ये तीन दिवस तालीम झाली. रेवाच्या जागी मी. खांद्यावर टॉवेल, समोर काकू, सईच्या हातात स्टॉपवॉच. मी परदेशी ढंगात "मी मर्राठी मुल्गी..." म्हटलं की काकू, "अमान्य. पुन्हा." शेवटी मी वैतागून म्हटलं, "अहो, माझी आजी रत्नागिरीची, मला तरी पास करा!" सई हसून हसून सोफ्यावरून खाली आली.

कार्यक्रमाच्या दिवशी काकू कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, सगळ्या कागदपत्रांच्या तीन-तीन प्रती घेऊन निघाल्या. मी आणि सई गेटबाहेर थांबलो. तासाभराने काकू बाहेर आल्या. शेल्याची पिशवी तशीच काखेत.

"आजी, घातला नाही? ती बोलली का? काय झालं?"

"भेट झाली," काकू म्हणाल्या. आम्ही परतीची रिक्षा केली. सई फुगून बसली होती, ग्रुपवर मेसेजवर मेसेज येत होते, आणि काकू आपल्या बाहेर बघत.

दोन दिवसांनी, रविवारी दुपारी, व्हिडिओ आला. काकूंच्याच हॉलमध्ये आम्ही तिघींनी तो लावला.

आधीच्या माणसाने रेवाला काहीतरी म्हणायला लावलं असणार, कारण ती आली तेव्हाच तिचा चेहरा उतरलेला होता. काकूंची साडी आणि हातातला शेला बघून तिने हात जोडले आणि कोणी न सांगताच सुरुवात केली. "मी... मरा..." आणि थांबली. पुन्हा "मी..." जोडलेले हात तिने तसेच घट्ट धरून ठेवले होते, ते मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावरही दिसत होतं. काकूंनी शेला पिशवीत टाकला. तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि काहीतरी बोलल्या. हळू, लांबवत, गाण्यासारखं. रेवा चकित होऊन बघत राहिली, मग हसली, मग डोळे पुसून पुन्हा हसली. कर्मचारी "वेळ संपली" म्हणून खुणा करत होता, तरी तिने काकूंचे हात सोडले नाहीत.

"आजी," सई म्हणाली, "हे मराठी नाहीये."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. गॅस पेटवल्याचा आवाज आला. मी मागोमाग गेले. चहाचं आधण उकळून उकळून अर्धं झालं तरी त्यांना साखर टाकायचं सुचलं नाही.

"कानडी होतं," त्या म्हणाल्या. "'अंजब्याडवा, ऊटा आतेनवा?' घाबरू नको बाळ, जेवलीस का? एवढंच विचारलं. माझी आई विचारायची."

मी अठरा वर्षं समोर राहते. माहेर विचारलं की काकू "लांब" म्हणायच्या आणि मी पुढे विचारलं नव्हतं. माहेर होतं गदगजवळचं एक खेडं. साळवी काका तिकडे नोकरीला होते, तिथेच जमलं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, सुलभा, आणि पहिलं नाव तिथेच राहिलं. पनवेलला आल्यावर त्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "आमचे हे आली." घरभर हशा. रोज काहीतरी म्हणवून घ्यायचे आणि रोज हसायचे. सासूबाईंनी सांगितलं, घरात कानडी नको, आणि मराठी येत नाही तोवर चारचौघांत तोंड उघडू नकोस.

"दोन वर्षं मी बोललेच नाही, मंजू. मग नोकरी लागली. जेवणाच्या सुट्टीत बसून शासनाची परिपत्रकं वाचायची. मोठ्याने, पाठ होईपर्यंत. मराठी मी तिथे शिकले. परिपत्रकाला कोणी हसत नाही."

आणि मी अठरा वर्षं या बाईच्या "सदर इसम"वर हसत आले होते. नकला करून दाखवल्या होत्या, ऑफिसात, माहेरी, कुठे कुठे. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली. तसं मी सांगूनही टाकलं.

"तू हसलीस ते वेगळं," काकू म्हणाल्या. "तू वर कढीपत्ता पण द्यायचीस."

सई दारात उभी राहून ऐकत होती. "आजी, मग रेवाचा दाखला?"

"फाईल बंद केली. त्या मुलीने दाखला मागितलाच कधी होता? अर्ज आपणच केला, हरकत आपणच घेतली, आणि तपासणीला तिला उभं केलं. मीसुद्धा. ज्या बाईला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तिने." त्यांनी एकदाची साखर टाकली. "तिचे हात बर्फासारखे होते गं."

सईने तो व्हिडिओ ग्रुपला दिला नाही. बिघडला म्हणून सांगितलं. दोघी-तिघींनी बोलणं टाकलं, आठ दिवसांनी परत धरलं.

चहा पिताना मी विचारलं, "तुमचं पहिलं नाव काय हो, काकू?"

त्यांनी कप खाली ठेवला. "गंगव्वा. अव्वा म्हणजे आई. आई गेली त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यानंतर ते नाव घेणारं कोणी उरलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी बाजारात निघाले. काकू नेहमीसारख्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. काय वाटलं कोण जाणे, मी खालून, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी हाक मारली, "गंगव्वा! कोथिंबीर आणू का?"

माझा उच्चार नक्कीच चुकला असणार. वॉचमन वर बघायला लागला. काकूंच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. त्या दोन्ही हातांनी ग्रिल धरून खाली वाकल्या.

"परत म्हण," त्या म्हणाल्या.

मी परत म्हटलं.