थोरली विजार

रविवार, १६ नोव्हेंबर. पहाटे थोडा गारवा, दहानंतर नेहमीचं बार्शीचं ऊन, वारा नाही. त्या दिवशी लोकरीच्या अस्वलाने कपडे घालायला नकार दिला, कारण तिन्ही कपडे त्याच्यापेक्षा वयाने मोठे होते.

उज्ज्वलाने नुकतीच त्याच्या नाकाची शेवटची गाठ मारून दोरा आत ओढला होता. अस्वल वीतभर उंचीचं, चॉकलेटी रंगाचं, पोटात कापूस जरा जास्तच भरल्यामुळे मागे रेललेलं. ते सरळ होऊन बसलं. समोर खुर्चीच्या पाठीवर त्याचे कपडे धुऊन वाळत घातले होते. ते टेबलावरून उतरलं, खुर्चीपाशी गेलं आणि वाकून एकेकाला नमस्कार केला. आधी निळ्या विजारीला, मग पिवळ्या स्वेटरला, शेवटी लाल कानटोपीला. क्रम बरोबर होता. उज्ज्वलाने त्याच क्रमाने ते विणले होते.

"झाला ना नमस्कार? आता विजार घाल बघू," ती म्हणाली.

"आत्या, विजारीला मी पाय कसा लावू?" अस्वल म्हणालं.

आळीतली सगळी पोरं तिला आत्या म्हणत, त्यामुळे त्याने तसं म्हणण्यात तिला काही नवल वाटलं नाही. प्रश्न मात्र बिनतोड होता. या घरात चालताना कुणाला चुकून पाय लागला तरी हात लावून छातीशी नेण्याची पद्धत होती. इथे तर घरातल्या थोरल्या व्यक्तीत दोन्ही पाय कंबरेपर्यंत घालायचे होते.

चूक उज्ज्वलाचीच होती आणि ती तिला लगेच उमगली. गेली पंचवीसएक वर्षं ती आळीतल्या सगळ्यांचे बाळंतविडे विणत आली होती. झबली, टोपडी, मोजे यांची मापं तिच्या बोटांत होती. अंग मात्र तिने आजवर एकदाही विणलं नव्हतं, कारण अंग नेहमी बाळाचं बाळच घेऊन येई. तेव्हा तिने जे येत होतं ते आधी केलं. दसऱ्यानंतर कपडे विणले आणि दिवाळी उरकल्यावर त्या कपड्यांत बसेल असं अस्वल. माप तंतोतंत जमलं. वयाचा हिशेब राहून गेला.

एरवी तिने अस्वलाला तसंच उघडं ठेवलं असतं. बार्शीत लोकरीचे कपडे नसल्याने कुणाचं काही अडत नाही. पण अस्वल मैथिलीसाठी होतं आणि मैथिली गुरुवारी हिमाचलात राहायला जाणार होती.

मैथिली म्हणजे उज्ज्वलाच्या धाकट्या भावाची, प्रमोदची मुलगी. वय चार. प्रमोदची बदली तिकडच्या एका धरणाच्या कामावर झाली होती. मैथिली आजवर पेटीकोटवर वाढलेली. दिवाळीत तिच्यासाठी बटणांचा जाड स्वेटर आणला, तो तिने घातला तेवढ्याच वेगाने काढला आणि माठावर टाकला. टोचतो, म्हणाली. जरा गार वारा लागला की तिची छाती घरघरायची, आणि तिची आई सायली त्या धास्तीने निम्मी झाली होती. शेवटी उज्ज्वलानेच मैथिलीशी बोलणी केली. घालता-काढता येतील अशा कपड्यांचं एक अस्वल येईल. ते स्वेटर घालेल. ते घालेल तेव्हा मैथिलीही घालेल. मैथिलीने ही अट मान्य केली होती, आणि ती शब्दाची पक्की होती.

आता ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"ते नाही घालत," ती म्हणाली.

"घालेल. जरा अडचण आहे," उज्ज्वला म्हणाली.

"मग मला पण अडचण आहे," असं सांगून मैथिली अंगणात खेळायला गेली.

दुपारी उज्ज्वलाने अस्वलापुढे पर्याय ठेवले. नवे कपडे विणले तर ते धाकटे ठरतील, ते चालतील का? अस्वलाने यावर बराच विचार केला. तत्त्वतः चालतील, ते म्हणालं, पण घरात थोरली विजार खुर्चीवर बसून असताना तिच्यादेखत धाकटीला पुढे करणं बरं दिसणार नाही. थोरलीने काय मनात आणावं? उज्ज्वलाला हे पटलं. तिचं स्वतःचं लग्न जमलं नाही तेव्हा प्रमोदनेही बरीच वर्षं ताईच्या आधी नको म्हणून स्वतःचं अडवून धरलं होतं, आणि शेवटी तिनेच त्याला ओरडून बोहल्यावर चढवलं होतं.

मग हेच कपडे उसवून, त्याच लोकरीचे पुन्हा विणले तर?

अस्वल एक पाऊल मागे सरलं. "माझ्या सोयीसाठी तुम्ही थोरल्यांना उसवणार?" ते हळू आवाजात म्हणालं. "उसवल्यावर माणूस राहतं का, आत्या?"

उज्ज्वलाने सुई पिशवीत ठेवली आणि चहा टाकला.

सोमवारी शेजारच्या कलावतीकाकूंना बोलावणं गेलं. ऐंशीच्या पुढच्या, आळीतली बारशी, डोहाळजेवणं त्यांच्या सल्ल्याशिवाय होत नसत. त्यांनी चष्मा पुसला, अस्वलाला उलटंपालटं करून पाहिलं आणि त्याच्या टाक्यांचं कौतुक केलं. मुक्या खांबांचे टाके दाट पडलेत, कापूस डोकावत नाही, म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष खुर्चीकडे गेलं.

"हे आधी केलंस?"

"हो काकू."

"अगं, जन्मायच्या आधी कधी कपडे करतात का? आपल्यात बाळाला सुद्धा बारशापर्यंत कुणाचं तरी जुनंपानं घालतात. तू एवढी शहाणी, आणि अंगाआधी विजार?"

"काकू, मला अंगाचं माप येत नव्हतं."

"ते कुणालाच येत नसतं," काकू म्हणाल्या. त्यांनी विजारीला हात लावला नाही; एवढ्या लहान वस्तूशी आपलं वयाचं नातं काय, हे त्यांनाही चटकन सांगता येईना. बऱ्याच वेळाने त्यांनी तोडगा काढला. वडीलधाऱ्यांच्या अंगाखांद्यावर मुलं खेळतातच की. पण आधी वडीलधाऱ्यांनी बोलवावं लागतं. तेव्हा अस्वलाने रीतसर परवानगी मागावी.

मंगळवारी संध्याकाळी, दिवा लावून झाल्यावर, परवानगी मागण्यात आली. सतरंजी घातली होती. कपडे पाटावर ठेवले होते, थोरली विजार मध्ये. काकू भिंतीला टेकून बसल्या. सायली सामानाची खोकी बांधायची सोडून आली. मैथिली पेटीकोटवर, पायरीवर. प्रमोद दोन दिवस ट्रकवाल्याच्या आणि गॅसच्या कागदांच्या मागे पळत होता. अस्वल बोलतं हे त्याच्या कानावर आलं होतं, पण नीट बघायला सवड झाली नव्हती. तो चप्पल काढून सगळ्यांच्या मागे येऊन बसला.

अस्वल पाटापुढे उभं राहिलं आणि म्हणालं, "मोठ्यांनी राग मानू नये. एका मुलीच्या छातीचा प्रश्न आहे. आपली हरकत नसेल तर मी आपल्याला अंगावर घेऊ का?"

कपडे काही बोलले नाहीत. सगळ्यांनी वाट पाहिली. बाहेर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. तरी विजार गप्प, स्वेटर गप्प.

"गप्प आहेत म्हणजे होकार," मागून प्रमोद म्हणाला.

अस्वलाने नकारार्थी मान हलवली. "घरातली मोठी माणसं गप्प बसली तर तो होकार कधीच नसतो," ते म्हणालं.

यावर सायलीने नवऱ्याकडे पाहिलं आणि काकू तोंडाला पदर लावून हसल्या. प्रमोदचे वडील पुष्कळ वेळा गप्प बसत असत, आणि त्याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना ठाऊक होता.

अस्वल माघार घेण्याआधी शेवटचा नमस्कार करायला खाली वाकलं. वाकल्यामुळे त्याची पाठ प्रमोदकडे झाली. पाठीवर निळे ठिपके होते. ओळीओळींत विखुरलेले, कुठे एका टाक्यात, कुठे अर्ध्यात.

प्रमोद पुढे सरकला. त्याने ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"ताई, ही लोकर कुठली?"

उज्ज्वलाने पाट सरळ केला. चॉकलेटी लोकर दुकानात मिळाली नव्हती. म्हणून तिने ट्रंकेतला एक जुना स्वेटर काढला होता, त्याला कसर लागून बाही गेलीच होती. उसवला, लोकर धुतली, पीळ जावा म्हणून लडीला तांब्या बांधून टांगून ठेवली. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

"तुझा शाळेतला," ती म्हणाली. "आईने विणलेला."

"पाचवीतला," प्रमोद म्हणाला. "ही शाई मागच्या बाकावरच्या पोराने झटकली होती. आईने तीनदा धुतला, गेली नाही. मला म्हणाली, पाठीवर आहे, तुला कुठे दिसतंय." अस्वल त्याच्या हातात होतं. त्याने ते नाकाजवळ नेलं आणि मग कुणी बघतंय का ते पाहिलं. सगळेच बघत होते.

अस्वलाने विचारलं, "म्हणजे मी केव्हाचा?"

"तीस वर्षांचा तरी असशील," प्रमोद म्हणाला.

"आणि हे?" अस्वलाने पाटाकडे हात केला.

"त्यांची लोकर मी दसऱ्याला आणली," उज्ज्वला म्हणाली. "नवी होती."

अस्वलाने पाटावरच्या विजारीकडे पाहिलं. मग ते म्हणालं की एक शंका राहते. आपणच परवा विचारलं होतं, उसवल्यावर माणूस राहतं का. जर राहत नसेल, तर आईंचा स्वेटर संपला आणि आपण रविवारी जन्मलो. मग विजारच थोरली.

काकू बोलायला गेल्या आणि थांबल्या. हा प्रश्न फक्त अस्वलाचा नव्हता, आणि ते सगळ्यांना कळत होतं. आईला जाऊन सात वर्षं झाली होती.

"तू सांग," शेवटी उज्ज्वला म्हणाली. "आतून तुलाच ठाऊक."

अस्वलाने स्वतःच्या पोटावर हात ठेवला, मग मागे वळून पाठीकडे हात पोचतो का ते पाहिलं. पोचला नाही. "पाठीवर काहीतरी आहे, मला दिसत नाही, पण आहे," ते म्हणालं. आणि मग, "राहतं, ताई."

आत्याची ताई झालेली सर्वांत आधी मैथिलीच्या ध्यानात आली. "ती आत्या आहे," तिने दुरुस्ती केली.

"तुझी," अस्वल म्हणालं. "मला आईंनी विणलं. म्हणजे मी हिचा भाऊ झालो, तुझ्या बाबांच्या पाठचा."

उज्ज्वलाने पदराने चष्मा पुसला. गेला महिनाभर ती त्याला मनातल्या मनात दुसरंच काही म्हणत होती, पण भाऊ म्हटलं तरी तिची काही तक्रार नव्हती. तिने विजार उचलून त्याच्यापुढे धरली. अस्वलाने एकेक पाय आत घातला, आणि विजारीला आशीर्वाद दिला.

आता नवी अडचण अशी, की कपडे काढता-घालता येण्यासारखे होते ते मैथिलीसाठी, आणि चार वर्षांच्या मुलीने तीस वर्षांच्या काकाचे कपडे काढणं कुणालाच योग्य वाटेना. ही अडचण काकूंनी निकालात काढली. आपली नातवंडं आपल्या ब्लाउजची हुकं लावून देतात, म्हणाल्या, बोटं चालत नाहीत म्हणून. म्हाताऱ्या माणसाला मदत केली तर त्यात काही वावगं नाही. अस्वलाने आपली बोटं पाहिली. ती नव्हतीच. त्याने मदत घेण्याचं मान्य केलं.

बुधवारचा दिवस मैथिली बटणांपाशी बसली. जीभ बाहेर काढून ती काकांचं एकेक बटण काजात सारायची, काका म्हणायचे, "सावकाश, घाई नाही," आणि ती म्हणायची, "तुम्ही हलू नका ना हो." दुपारपर्यंत तिन्ही बटणं लागली. मग ती उठली आणि स्वतःचा स्वेटर कुठे आहे असं तिने आईला विचारलं. सायलीने तो खोक्यातून काढून दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सुरू केला.

संध्याकाळी घर निम्मं रिकामं दिसू लागलं. भिंतीवर कपाटाची जागा पांढरी पडली होती. उज्ज्वला पोळ्या बांधून देत होती. अस्वल ओट्यावर बसून तिच्याकडे पाहत होतं.

"ताई, तू इथे एकटीच राहणार?"

"काकू आहेत की शेजारी."

"शेजारी आहेत," अस्वल म्हणालं. "घरात कुणी नाही."

"तुला कान गार पडतील तिकडे. टोपी नीट घालत जा," उज्ज्वला म्हणाली आणि पुढची पोळी कागदात गुंडाळली.

अस्वलाने यावर काही उत्तर दिलं नाही. आता तेही घरातलं मोठं माणूस होतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर. पहाटे धुकं, थंडी बऱ्यापैकी. कुर्डुवाडीला जाणारी गाडी साडेपाचला दाराशी आली. प्रमोदने आपल्याकडची कुलपाची किल्ली ताईला दिली आणि वाकून नमस्कार केला. सायलीने केला. मैथिलीने केला, तिने स्वेटर घातला होता, वरचं बटण दुसऱ्या काजात. अस्वल निळी विजार आणि पिवळा स्वेटर घालून तिच्या काखेत होतं. "येतो, ताई," ते म्हणालं. गाडी निघाली. लाल कानटोपी, तिघांत धाकटी, दाराशेजारच्या खुंटीवर मागे ठेवलेली होती, आणि उज्ज्वला आत आली तेव्हा टोपीने तिला आत्या म्हणून हाक मारली.