जोह्याचा पृथ्वीगोल

बायको रागावली की दामूशेठ जोहे गावातल्या आपल्या गणपती कारखान्यातून उठून थेट पेणला माझ्याकडे येतात. "घरात दाब वाढला, गुरुजी. हवा जास्तीकडनं कमीकडं," म्हणतात आणि चहा मागतात.

हे खूळ मीच त्यांच्या डोक्यात घातलं. मी पेणच्या शाळेत भूगोलाचा मास्तर. मुलांना हवेच्या दाबाचे पट्टे डोळ्यांनी दिसावेत म्हणून दामूशेठना शाडूचा मोठा पृथ्वीगोल करायला सांगितला.

"पट्टे कसले?" त्यांनी विचारलं. विषुववृत्तावर हवा तापून वर जाते, तिथे दाब कमी. तीच हवा तीस अंशांच्या आसपास खाली उतरते, तिथे दाब जास्त. जास्तीकडून कमीकडे हवा धावते तो वारा, असं मी समजावलं.

"म्हंजे वारा उगाच भटकत नाय. त्यालापन गाव हाय."

मग रोज नवी शंका. गिऱ्हाईकं मूर्तींसाठी बोंबलत होती आणि हे पट्टे रंगवत बसलेले.

गोल बघायला जोह्याला गेलो आणि माझं टाळकंच सटकलं. मॉरिशस श्रीलंकेहून मोठा काढलेला. "अहो, काही प्रमाण?"

"मूर्तीचे डोळे आमी कदी मापात काढतो काय, गुरुजी? जिकडं बगायचं ते मोठंच काढायचं."

त्यांची धाकटी मंदा लग्न होऊन मॉरिशसला गेलेली. सात वर्षांत आली नव्हती. यंदा गणपतीला नक्की येणार होती, पण आदल्याच दिवशी फोन आला होता, जमत नाय म्हणून.

"पावसाळ्यातला आपला वारा तिकडनंच निगतो ना?"

"हो. तिकडच्या जास्त दाबाकडून निघतो, विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळतो, म्हणून आपल्याला नैर्ऋत्येकडून लागतो."

"आन् हितनं तिकडं जानारा?"

"तो हिवाळ्यात."

"मंदापर्यंत पोचतो?"

नाही पोचत. विषुववृत्ताच्या थोडा पलीकडे जातो आणि मॉरिशसच्या अलीकडेच विरतो. एवढ्या चुकीला मी पोरांचे मार्क कापलेत. पण दामूशेठ कुंचला धरून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पोचतो," मी म्हणालो.

त्यांनी डोळे रेखायचा बारीक कुंचला घेतला आणि श्वास रोखून पेणपासून मॉरिशसपर्यंत एक बाण ओढला.

गोल आता वर्गात आहे. बाकी सगळ्या वाऱ्यांवर मी मुलांना प्रश्न विचारतो. त्या एका बाणावर विचारत नाही.