तणसाची साखर

पिंपळखुटेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे न बघता लाकडाकडे बघत. आम्ही जबलपूरला, रांझीतल्या सरकारी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो त्याच दिवशी ते शेजारधर्म म्हणून चौकशीला आले. मी बसायला पाट मांडला. ते बसले नाहीत. त्यांनी पाट उचलला, उलटा केला, नखानं खरवडला आणि पसंतीची मान हलवली. मग माझ्या माहेराहून आलेल्या कपाटाकडे त्यांचं लक्ष गेलं. म्हशीची पाठ थोपटावी तसं ते थोपटून म्हणाले, "सूनबाई, यात साखर आहे. पोतंभर तं आरामात निघते."

पाकिस्तानशी लढाई जुंपली होती, साखर रेशनवर होती आणि साठेबाजांना पकडत होते. मी घाबरून कपाट सताड उघडून दाखवलं. आत माझी पातळं आणि ह्यांचा लग्नातला कोट, एवढाच ऐवज होता. काकांनी आत ढुंकूनही पाहिलं नाही. आत नव्हे, लाकडात आहे, असं मलाच समजावून ते निघून गेले. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे हसायला लागले. हे फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात, काका तेजाबखात्यात, म्हणजे जिथे ॲसिड तयार होतं तिथे. काकांची साखर म्हणे अख्ख्या फॅक्टरीला ठाऊक होती. तेजाबाच्या वाफा डोक्यात गेल्या असणार, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं.

माणूस दिसायला दांडगा. मिशा पोलिसाच्या, आवाज कीर्तनकाराचा. पण सदरा बघावा तर पोटाशी चमेलीची वेल, बाहीवर गुलाबाची कळी, कॉलरपाशी एक पोपट. तेजाबाचा थेंब उडाला की धुतल्यावर तिथे भोक पडायचं आणि पिंपळखुटेकाकू त्या भोकावर फूल काढायच्या. त्या फुलांची काकांना लाज नव्हती, उलट कुणी विचारलं तर ते फुलावर बोट ठेवून खुलासा करत की हा कापूस होता, इथल्या इथे त्याची साखर झाली आणि पाण्यात वाहून गेली. आपला सदरा रोज थोडाथोडा साखर होतो आहे याचा त्यांना कोण आनंद.

मी कोल्हापूरकडची. उसाच्या फडात लहानाची मोठी झालेली, गुऱ्हाळावर काकवी पिऊन वाढलेली. साखर कशात असते हे मला जबलपुरात येऊन कुणी शिकवावं, हे मला काही केल्या सहन होईना. केरसुणीत साखर, बांबूच्या पडद्यात साखर, जवळच्या पनागर गावच्या वाटाण्याच्या सालींत साखर! वाटाणे सोलायला बसलं की काका कुंपणावरून साली मागून न्यायचे. एकदा मी सरळ विचारलं, की काका, मग गाय गवत खाऊन गोड का होत नाही? ते जराही चिडले नाहीत. खाली उकिडवे बसले आणि वर्गात शिकवावं तसं सांगू लागले.

"उसात साखर सुटी सुटी असते. तणसात तिची साखळी असते. रेशनच्या रांगेत लोक कसे एकमेकांचा खांदा धरून उभे राहतात न, तशी. आपली जीभ त्या रांगेला चाखू नाही शकत. तेजाब जाते आणि एकेकाचा हात सोडवते. बस, एवढंच करून राहिलो मी."

तणस म्हणजे भाताची वाळकी काडी. पनागरच्या बाजूला तिच्या गंज्याच्या गंज्या असतात. सुटीच्या दिवशी काका सायकलला मागे तणसाचा भारा बांधून यायचे, तेव्हा सायकल दिसायचीच नाही, गंजीच चालत येतेय असं वाटायचं. मग परसात कारखाना सुरू. तणस विळीवर बारीक कापायचं, काकूंच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत भरायचं, वर पाणी मिसळलेलं तेजाब ओतायचं आणि बरणी मोठ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात उभी करायची. दिवसभर जाळ. सगळं उजेडात उरकावं लागे, कारण अंधार पडला की ब्लॅकआउट, आणि परसातला जाळ पाहून वॉर्डन शिट्ट्या मारत यायचा.

तेजाब मात्र फॅक्टरीतलं नव्हे. त्याबाबतीत काका फार कडक. ते देशाचं आहे, त्यातला वाससुद्धा मी गेटबाहेर आणणार नाही, असं ते म्हणत. रांझीतल्या मोटार गॅरेजमधून ते बॅटरीत घालायचं तेजाब विकत आणायचे. गॅरेजवाल्याला वाटायचं काकांची मोटार आहे.

दिवसाअखेरीस बरणीत काळपट तपकिरी पाणी उरायचं आणि सगळ्या लाइनीत बदाम करपल्यासारखा वास पसरायचा. लोकांची खात्री होती की पिंपळखुटे महुआची दारू गाळताहेत. दोघे-तिघे सज्जन तर संध्याकाळी रिकामी बाटली खिशात घालून चौकशी करूनही गेले. मग त्या पाण्यातलं तेजाब मारायला काका चुना घालायचे. चुना कमी पडला तर जीभ भाजायची, जास्त झाला तर पानाच्या ठेल्यावर तोंड पोळतं तसं पोळायचं. प्रत्येक खेप ते आधी स्वतः चाखत आणि मग घटकाभर ओट्यावर स्वस्थ बसून राहत. काय करताय, असं विचारलं तर म्हणायचे, जिवंत राहतो का ते पाहतोय.

मी या सगळ्याची टिंगल करायची. ह्यांना रोज जेवताना नवा अंक ऐकवायची. काकू मात्र कधी टिंगल करत नसत, तक्रारही करत नसत. तीन बरण्या गेल्या, लोणचं घालायला भांडं उरलं नाही, तरी त्या गप्प. त्या एकूणच गप्प होत्या. अंगानं काडी झालेल्या, जेवण पाखरासारखं.

संक्रांतीला मी त्यांना तिळगूळ दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि पदराच्या गाठीत बांधला. मी आग्रह केला तेव्हा त्यांनी कोरड्या आवाजात सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा, सुधाकर, फौजेत होता. बासष्टच्या चीनच्या लढाईत तो बेपत्ता झाला. मेला असं कुणी कळवलं नाही, जिवंत आहे असंही कळवलं नाही. काकू ग्वारीघाटाला गेल्या, नर्मदेत कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि तो परत येईपर्यंत त्यांनी गोड सोडलं. आपल्यात सोडायचं म्हणजे नाव घेऊन सोडावं लागतं. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन एकेकाचं नाव घेतलं. साखर, गूळ, काकवी, खडीसाखर, मध, खजूर, मनुका, आंबा, केळं, सीताफळ, महुआची फुलं. आठवून आठवून घेतलं. तेव्हापासून गोडाचा कण तोंडात नाही. डॉक्टरांनी फळं खायला सांगितली, तीही नाहीत. अशानं ही बाई किती दिवस काढणार, या काळजीनं मला त्या रात्री घास गेला नाही.

होळीच्या सुमाराला मी खोकल्याचं औषध आणायला दवाखान्यात गेले होते. दुबेजी कंपाउंडर स्टोव्हपाशी कसलीशी काचेची नळी धरून उभे होते आणि समोर पिंपळखुटेकाका हात जोडून. काकांनी एका लहान बाटलीतून आपला तणसाचा पाक तपासायला आणला होता, पण दुबेजींना तसं सांगितलं नव्हतं. मधुमेहवाल्यांची लघवी तपासायचं निळं पाणी दवाखान्यात असतं, एवढं त्यांना माहीत होतं. बाटली बघून दुबेजींनी जे समजायचं तेच समजून घेतलं होतं.

त्यांनी निळ्या पाण्यात चार थेंब टाकले आणि नळी आचेवर धरली. निळं पाणी आधी हिरवं झालं, मग पिवळं, मग बघता बघता गढूळ होऊन विटेसारखं लाल. मी खोकायचं विसरले. गोठ्यात गुरांच्या पायाखाली अंथरतात ते तणस! त्याच्या पोटात हे होतं, जन्मभर होतं, आणि आम्ही सगळे त्यावरून चालत गेलो होतो. माझ्या अंगावर काटा आला.

दुबेजींच्याही अंगावर आला होता, वेगळ्या कारणानं. त्यांनी काकांना खांद्याला धरून स्टुलावर बसवलं.

"पिंपळखुटेजी, इतनी शक्कर मैंने आज तक किसी में नहीं देखी. आप यहाँ तक चलकर कैसे आए?"

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "पक्की आहे न जी? अजून एकदा करून पाहा न." दुबेजींनी माझ्याकडे पाहून हळूच डोक्याशी बोट नेलं आणि काकांना मिठाई, भात, बटाटा सगळं बंद करायला सांगितलं. काका सगळ्याला हो म्हणाले.

परतताना आम्ही बरोबर चालत होतो. मी म्हटलं, काका, आता सरकारला कळवा, पेटंट घ्या, देशाचा साखरेचा प्रश्न सुटेल. ते थांबले. सायकलची घंटा उगाच एकदा वाजवून म्हणाले, "देशाचं देश पाहील. सुधाकरच्या आईनं नर्मदामाईसमोर सगळ्याचं नाव घेतलं. मी बाजूलाच उभा होतो, सारं ऐकून राहिलो होतो. तणसाचं नाव नाही घेतलं तिनं."

त्या माणसाला मी वेडा म्हटलं होतं, आणि त्यानं बायकोचा नेम न मोडता तिच्या जिभेवर गोड ठेवायला सगळ्या सृष्टीत एक फट शोधून काढली होती. लाज वाटली असं नाही म्हणणार, मी दिपून गेले.

त्यानंतर माझी टिंगल बंद झाली आणि मी त्यांच्या कारखान्यात लागले. पाक गोड होता पण कडसर, तोंडात काळा वास राहायचा. गुऱ्हाळावर मळी काढतात ती मला माहीत होती, तेव्हा गाळण्याचं काम मी घेतलं. चुना घातल्यावर तळाशी पांढरा साका बसे, तो माझ्या जुन्या पातळाच्या चौघडीतून गाळायचा, मग कोळशाची पूड घालून पुन्हा गाळायचं, मग मंद आचेवर आटवायचं. खेप बिघडायची, काका नवं तणस आणायला जायचे. कडक उन्हाळा आला तेव्हा एकदाचा वाटीच्या तळाला मधाच्या रंगाचा पाक जमला. काकांनी चाखला आणि ओट्यावर बसून जिवंत राहून दाखवलं. मग मी चाखला.

गोड होता. उसासारखा धीट गोड नव्हे, लांबून येणारा, शेवटी वाळल्या गवताचा वास जिभेवर ठेवून जाणारा. पण गोड, यात शंका नाही. मी कोल्हापूरची आहे, गोड मला कळतं.

दुपारी काका वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले. सदरा धुतलेला, मिशांना पाणी लावलेलं. काकू भाकरीचं पीठ चाळत होत्या. मी दारात उभी राहिले.

काकूंनी वाटीत पाहिलं. "काय हाय?"

"तणस."

"नुसतं तणस?"

"तणस, पाणी, चुना. तेजाब होतं, ते गेलं निघून."

काकूंनी पिठाचे हात पुसले, देवाच्या फळीकडे पाहून नमस्कार केला आणि चमच्यानं थेंबभर पाक जिभेवर घेतला. डोळे मिटले. त्यांच्या गळ्याची शीर हलली, मग थांबली. काका श्वास धरून उभे होते. बाहेर कुणाची तरी बादली नळाखाली भरून वाहत होती, ती बंद करायलाही कुणी गेलं नाही.

"अजून जरासं कडू लागून राहिलं जी," काकू म्हणाल्या. "पुढच्या खेपेला होईल बरोबर."

मला राग आला. मी तोंड उघडणार तोच काकूंनी माझं मनगट धरलं. त्या काडीसारख्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. काकांचा चेहरा पडेल म्हणून मी वर पाहायला घाबरत होते, पण तो पडला नव्हता. अच्छा, कोळसा कमी पडला, असं पुटपुटत ते विचारात गढून गेले आणि दोरी शोधायला लागले. पाचच मिनिटांत टोपी घालून, सायकल काढून ते भर उन्हात पनागरच्या रस्त्याला लागले.

काकूंनी मनगट सोडलं. वाटी उचलली आणि उरलेला पाक बोटानं निपटून सगळा खाल्ला, अगदी कडेला लागलेलासुद्धा. मग तशाच भिंतीला टेकून बसल्या. गालावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"लई गोड होतं वं बाई," त्या म्हणाल्या.

"मग काकू, काहून..."

'का' म्हणायच्या जागी तोंडातून त्यांचाच शब्द निघून गेला माझ्या. काकूंनी वाटी मांडीवर धरली.

"सुधाकरचं कळलं तेव्हापासून फॅक्टरीतून आले की दारात खुर्ची टाकून बसत होते ते. रोज. रस्त्याकडं पाहत, जेवायला हाक मारली तरी उठत नव्हते. हे तणसाचं खूळ लागलं तवापासून परसात चुलीजवळ बसतात. तिथून दार दिसत नाही." त्यांनी रिकामी वाटी माझ्या हातात दिली. "बसू दे त्यांना तिथंच. दाराकडं पाहाले मी आहे."