आयव्हीच्या सफरचंदांना मानवंदना

निसर्गाशी एकरूप होण्यासाठी किमान सहा जणांची समिती लागते. आमच्या ह्यूऑन खोरे ऋतुचक्र मंडळाची समिती नऊ जणांची आहे, म्हणजे आम्ही निसर्गाच्या दीडपट जवळ आहोत.

मंडळ पाळतं तो धर्म युरोपातला, चर्चच्याही आधीचा. त्याच्या पोथ्यांत शरदाची पूजा सप्टेंबरात सांगितली आहे. दक्षिण गोलार्धातल्या टास्मानियात ऋतू उलटे, शरद मार्चमध्ये येतो, हे ध्यानात यायला आम्हाला चार वर्षं लागली (तोवर आम्ही ऐन वसंतात पानगळीचा शोक केला, आणि मनापासून केला). शिवाय इथली निलगिरीची झाडं शरदात पानं गाळतच नाहीत. उन्हाळ्यात साल तेवढी सोडतात. झाडांच्या या बेशिस्तीची नोंद इतिवृत्तात घेऊन पिवळ्या कागदाची चारशे पानं कातरण्यात आली. मी मंडळाचा सचिव. कात्री माझीच होती.

यंदाची पूजा आयव्ही थॉर्पच्या सफरचंदाच्या बागेत ठरली. आयव्ही एकाहत्तर वर्षांची, नवरा गेल्यापासून बाग एकटी बघते. ती मंडळाची सभासद नाही (अर्जात 'निसर्गाशी आपलं नातं' या रकान्यात तिने 'कंबरदुखी' लिहिलं होतं). गुरुवारी ती सभेत आली ती गमबुटांसकट.

"हे बघ ग्रॅहम, तोडणीची पोरं यंदा द्राक्षांकडे पळाली. सोमवारी वादळ आहे. माल पडला तर बाग विकण्यावाचून गत नाही. तुम्ही एकतीस जण आहात. रविवारी येणारच आहात, तर तीन तास हात लावा रे बाबांनो! पूजेचे झगे घालून तोडलीत तरी चालेल."

अध्यक्ष ग्रॅहम पेटिफर पालिकेच्या रस्ते खात्यातून निवृत्त झालेत, दीक्षानाम 'डोमकावळा'. त्यांनी नियमावली उघडली.

"आयव्ही, जीव तुटतो गं आमचा. पण कलम सात बघ. पूजेच्या दिवशी फळ तोडायचं नाही. ते आपणहून पडलं पाहिजे."

"आपणहून पडलेलं डुकरं खातात!"

तिच्या भावनांची नोंद घेण्यात आली.

रविवारी पूजा थाटात झाली. सुगीचे आभार (पंचवीस मिनिटं), कष्टकरी हातांना वंदन (अकरा मिनिटं), कोणत्या बाजूने फेर धरावा यावर चर्चा (पन्नास मिनिटं). वेदीवरची सफरचंदं सुपरमार्केटातून आणली होती, कारण आयव्हीच्या फळांवर ठिपके असतात. आम्ही कष्टकरी हातांना वंदन करत असताना ते हात मागे शिडीवर होते. मध्येच आयव्हीने येऊन माझ्यासमोर बादली ठेवली. मला भरून आलं. गुडघे दुखत होतेच. मी ती पालथी घालून तिच्यावर बसलो.

सोमवारी वादळ आलं आणि खालच्या सगळ्या रांगांची फळं चिखलात पडली. मंगळवारी अध्यक्ष पाहणीला गेले (सोबत मी, बसायला तीच बादली घेऊन) आणि गहिवरून म्हणाले, "आपणहून पडली!" पूजा फळल्याबद्दल अभिनंदनाचा ठराव एकमताने संमत झाला.

आयव्ही चिखलात उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "वरच्या तीन रांगा शिल्लक आहेत. तेवढ्या हाताला लागल्या तर यंदाचं निभेल. बादली दे माझी."

मी दिली. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. मदतीला निघालोच होतो, पण म्हटलं, आधी हे सगळं नीट लिहून काढावं. लोकांना कळायला हवं. तुम्हीही शेवटपर्यंत वाचलंत, मधूनमधून आयव्हीसाठी हळहळलात, त्याबद्दल मंडळ आभारी आहे. एवढ्या वेळात एक बादली भरते, असं आयव्ही सांगते. आपलं सभासदत्व मंजूर झालं आहे.