नदीकाठची हजेरी

आमच्या चिरंजीवांची एक खोड मला बिलकूल पटत नाही. डोळ्यांवर ते काळं खोकं चढवलं की त्याला आई दिसत नाही, बायको दिसत नाही, आणि हाक मारली तर बोट दाखवून आम्हालाच गप्प करतो. कॉलेजात शिकवतो म्हणे! कॉलेज राहिलं गावाच्या त्या टोकाला. हा मधल्या खोलीत उभा राहून हवेत हात नाचवतो, पोरं आपापल्या घरी तसलीच खोकी घालतात, आणि खोक्याच्या आत म्हणे सगळे एका जागी जमतात.

त्या दिवशी मात्र मी तोंडाला कुलूप लावलं होतं. अकरा वाजता तिघांची समिती खोक्यातूनच त्याचा तास बघायला येणार होती. पसंत पडला तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेर घरी. सहा वर्षं तात्पुरता राबला होता पोरगा.

"आई, काहीही झालं तरी मधे बोलायचं नाही. खोकं मिनिटभर रिकामं राहिलं तर तास संपला, कळलं?"

"मला काय हौस आलीय बोलायची?"

तास सुरू झाला. नदी दरी कशी कापते, ते हा नदीत उतरून दाखवत होता. "चला, पलीकडे जाऊ," म्हणत चार पावलं टाकली आणि धाडकन कपाटावर आदळला. त्याने फरशीवर चिकटपट्टी लावून आपली हद्द आखलेली असते. पट्टी पायाला लागली की थांबायचं. ती पट्टी मी सकाळीच खरवडून काढली होती. फरशीवर घाण दिसली की माझा हात राहत नाही, त्याला मी काय करू?

नाकातून रक्ताची धार लागली. खोकं काढून तो ओरडला, "घाला, कुणीतरी घाला!" सुनेने एका हाताने त्याचं नाक धरलं, दुसऱ्याने मान. उरले मी.

आत गुडघाभर पाणी! काठावर चाळीस पोरं, मागे काळ्या कोटातले तिघे. अंग मुलाचं, आवाज माझा.

"सर तोंड धुताहेत. दोन मिनिटं थांबा."

एकदोघं फिसकन हसली. बाकीच्यांची पापणी हलेना. मास्तराच्या तोंडून म्हातारीचा आवाज निघतो आणि चाळिसांतली दोनच पोरं हसतात? तीन जावा सांभाळल्यात मी. मला लगेच वास आला.

"हात वर करा बघू सगळ्यांनी."

चार हात वर झाले.

"बाकीच्यांचे काय दुखताहेत?"

एक मुलगी पुटपुटली, "आजी, ते इथे नाहीयेत. बाहुली उभी करून जातात. हजेरी लागते ना."

"आणि असतात कुठे?"

"मोबाईलवर. ग्रुपवर गप्पा चालल्यात त्यांच्या."

"मग टाक त्याच ग्रुपवर. म्हणावं, सरांची आई आलीय आणि नावं लिहून घेतेय."

मला सही सोडून काही लिहिता येत नाही, पण धाक तो धाक. एकेक बाहुली झोपेतून दचकल्यासारखी हलू लागली. मी मागच्या तिघांकडे वळले.

"कोटवाले, तुम्हीसुद्धा."

दोन हात वर झाले. मधला ढिम्म.

"हे कोण?"

"अध्यक्ष," मुलगी म्हणाली.

बेसिनपाशी चिरंजीव कळवळले, "आई, संपलं गं सगळं!"

शेजारचा कोटवाला खाकरला. पुन्हा खाकरला. पण आता माघार कशी घ्यायची? तेवढ्यात मधल्याच्या अंगात जीव आला.

"वा, सर! फार सुंदर शिकवताय. चालू द्या!"

"सर नाक धरून बसलाय," मी म्हटलं. "शिकवणं थांबून पाच मिनिटं झाली. सुंदर काय दिसलं, ते आम्हालाही सांगा."

मग मात्र अख्खा काठ हसला.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. नोकरी कायम! ‘विद्यार्थ्यांचा सहभाग उल्लेखनीय’ असा शेरा, आणि खाली पहिली सही अध्यक्षांची. माणूस भलता समंजस निघाला.

चिरंजीव सुजलेल्या नाकानिशी घरभर नाचले. "आई, जिंकलो!"

"बस खाली," मी म्हटलं. "नोकरी कायम झाली, बरं झालं. पण वर्षभर छत्तीस बाहुल्यांपुढे घसा कोरडा केलास आणि एकदासुद्धा विचारलं नाहीस, समोर कुणी आहे का रे? मास्तर म्हणून तू अजून तात्पुरताच आहेस."