दगडाची उजवी बाजू

माझ्या हेल्मेटवर मागून टकटक झाल्याशिवाय मी स्कूटर जागची हलवायची नाही, असा सगुणबाबांचा नियम आहे. दोन टकटक म्हणजे चल. एक म्हणजे थांब. पहिल्यांदा त्यांनी हे केलं तेव्हा मला वाटलं, डोक्यावर नारळच पडला. मी करकचून ब्रेक दाबला आणि आम्ही दोघे भर पेडणे बाजारात एका मासळीवालीच्या पाटीसमोर आडवे झालो. मासळीवाली ओरडत होती, मी स्वतःची हाडं चाचपत होतो, आणि सगुणबाब पडल्यापडल्याच अगदी शांतपणे म्हणाले, "दोन मारलेलंय मी. दोनाक कोण थांबता?"

सगुणबाब म्हणजे सरकारी बसचे निवृत्त कंडक्टर. त्यांची सगळी नोकरी पेडणे-म्हापसा मार्गावर गेली. मी शाळेत असताना त्यांच्याच बसने जायचो आणि माझं अर्धं तिकीट निघायचं. पुढे मी मोठा झालो, पेडण्याच्या एका पतसंस्थेत कारकून झालो, मांद्र्यात घर बांधलं, पोट सुटलं, केस गेले. पण सगुणबाबांच्या लेखी माझं तिकीट अजून अर्धंच आहे. चारचौघांत ते मला "काय रे हाफ" अशीच हाक मारतात.

आमची ही जोडी जमली ती माझ्या तोंडामुळे.

माझी बायको कोल्हापूरकडची. तिचा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, आणि त्याला दगडांवर चढायचा छंद आहे. दोर नाही, काही नाही. दोन पुरुष उंचीचा एक दगड बघायचा, खाली जाड गादी टाकायची, आणि पालीसारखं त्याला चिकटत वर जायचं. ह्याला बोल्डरिंग म्हणतात, हे मला त्याने आमच्याच घरी, माझ्याच पैशांचा इसवण, म्हणजे तुमची सुरमई, खाताना सांगितलं. वर म्हणाला, "दाजी, तुमच्या गोव्यात चढण्यासारखं काय आहे? फक्त हॉटेलचं बिल."

बायको हसली. मेहुणा बोलला त्याचं काही नाही, पण बायको हसली. मी ताटावरूनच सांगून टाकलं की आमच्या पेडण्यात आणि डिचोलीत असे असे दगड आहेत की तू पुण्याचं नाव विसरशील. खरं म्हणजे तोवर मी आयुष्यात घरच्या पाट्या-वरवंट्याशिवाय दुसरा दगड नीट बघितला नव्हता, आणि तोही लांबूनच. मेहुणा म्हणाला, "मग दिवाळी झाली की मित्रांना घेऊन येतो. दाखवा."

आता दगड शोधणं आलं. पेडणे तालुक्यातली पायवाटसुद्धा ज्याला ठाऊक आहे असा माणूस एकच. सगुणबाब रोज दुपारी त्यांच्या गावाच्या वळणावरच्या बसथांब्यात बसलेले असायचे. कुठे जायला नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्या बसेस वेळेवर आहेत की नाहीत ते बघायला. मी त्यांना माझी अडचण सांगितली. मला वाटलं होतं, हसतील. ते उठून उभेच राहिले आणि म्हणाले, "आयतारा सकाळी ये. हंयच. घराकडे येव नको, वाट वायट आसा."

पहिल्या रविवारी मी गेलो तर सगुणबाब इस्त्रीच्या खाकी शर्टात, खांद्याला जुनी कातडी पिशवी अडकवून थांब्यात हजर. मला वाटलं पिशवीत दोरबीर असेल. त्यात दोघांपुरते उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, पातळ भाजीचा डबा, चहाचा थर्मास आणि केळीच्या पानात गुंडाळलेल्या जास्वंदीच्या पाकळ्या निघाल्या.

पाकळ्या कशाला, ते पहिला दगड सापडल्यावर कळलं आणि मी आ वासून बघतच राहिलो.

आमच्याकडे देवळात कौल घेतात, ते ठाऊक असेल तुम्हाला. ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला उजवीकडे-डावीकडे चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सगुणबाबांनी दगडावर आधी खिशातल्या नाण्याने दोनदा टण टण केलं, कान लावला, मग दोन पाकळ्या चिकटवल्या आणि हात जोडून सुरुवात केली, "बा फातरा, हो मांद्र्याचो हाफ. पोट सुटला, पण मेव्हण्याकडे फुशारकी मारून बसलो हा. ह्याका खांद्यार घेतंस तर उजवी दी, ना तर डावी."

मी म्हटलं, सगुणबाब, हा काही देव नव्हे.

"देवाचो कौल देवळात," ते म्हणाले. "हो फातराचो. कोणाच्या खांद्यार चढूचा तर त्याका विचारूक नको?"

मी म्हटलं, पण दगडाला उजवं-डावं कसं असेल? तर म्हणाले, तो आमच्याकडे तोंड करून उभा आहे, माणसांशी बोलताना कोणी पाठ करतं का? तेव्हा त्याची उजवी ती उजवी, आपली नव्हे.

थोड्या वेळाने डावी पाकळी पडली. सगुणबाबांनी पिशवी खांद्याला लावली. "ह्यात दम ना. चल. फुडे जागा आसा."

हे 'फुडे जागा आसा' त्यांनी उभ्या जन्मात किती माणसांना सांगितलं असेल, कोण जाणे. बसच्या पायरीवर लोंबकळणाऱ्याला आत ढकलताना सांगायचे. एकदा बसमध्ये एका गिऱ्हाईकाने विचारलं होतं, पुढे कुठे जागा आहे, पुढे तर ड्रायव्हर आहे. तरी सगुणबाबांनी त्याला पुढे सरकवलाच होता.

पावसाळ्याआधीपासून आमचे रविवार असे चालले. मोप्याच्या पठाराच्या कडेने हिंडलो. पठारावर विमानतळाचं काम चाललेलं, डंपरांची धूळ अंगावर घेत आम्ही उतारावरच्या काजूच्या रानात दगड बघायचो. टण टण, पाकळ्या, डावी, फुडे जागा आसा.

एकदा शिरगावच्या पलीकडे एका बंद खाणीपाशी मला भिंतीसारखा सरळ उभा कडा दिसला. मी कौलाची वाट न बघता चढलो. डोक्याच्या वर हात घालून एक कंगोरा धरला. तो कंगोरा माझ्या हातातच राहिला आणि आम्ही दोघे, म्हणजे मी आणि कंगोरा, बरोबरच खाली आलो. जांभा दगड तो, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन घरी गेलो तर बायकोने दार उघडलं, मला बघितलं, आणि परत लावून घेतलं.

दुसऱ्या एका रविवारी डिचोलीकडे झाडीत मला एक प्रचंड गोलसर दगड सापडला. शेवाळाने हिरवागार. मी आनंदाने वेडा झालो. घरून नेलेल्या ब्रशने सकाळपासून तो घासायला घेतला. सगुणबाब सावलीत बसून मला बघत होते, मधे मधे चहा देत होते, त्यांच्या गावच्या, बसच्या, कुठल्या प्रवाशाने कोंबडा नेला त्याच्या गोष्टी सांगत होते. जेवायच्या वेळेपर्यंत माझ्या ब्रशखाली अक्षरं उमटायला लागली. ती पंचायतीची पाण्याची जुनी टाकी होती.

मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघितलं. त्यांना सकाळपासून माहीत होतं.

"इतक्या मायेन घासतालंस," सगुणबाब उंडा मोडत म्हणाले, "मी कित्याक मोडतो घालू?"

तरी सगळेच दगड काही टाकाऊ नव्हते. एका ओहोळाच्या काठी काळा, घट्ट, हाताला लोखंडासारखा लागणारा एक सापडला होता. मी म्हटलं, झालं, हाच. पण डावी पडली. मी वाद घातला, हात जोडले. "एकदा फाडलेला तिकीट परत चिकटत ना," म्हणून सगुणबाब चालायला लागले. मला त्यांचं वाईटही वाटायचं. वयाची सत्तरी गाठलेला माणूस माझ्या बढाईपायी रानोमाळ फिरतोय. म्हणून मी दर रविवारी परतताना त्यांची समजूत काढायचो, "एकदा दगड सापडला ना सगुणबाब, की तुमची सुटका. मग रविवारी तुम्हाला काही त्रास नाही." त्यांच्या वळणावर आलो की हेल्मेटवर एक टकटक. ते थांब्याशी उतरायचे आणि मी दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभे राहायचे. मला वाटायचं, कंडक्टरची सवय. गाडी सुटलेली बघायची.

दिवाळी होऊन गेली. मेहुण्याचा फोन आला की येत्या पंधरवड्यात पोचतो, चार मित्र आहेत, गाद्या घेऊन येतोय. त्या रविवारी मी वळणावर पोचलो तर थांबा रिकामा.

मला धक्काच बसला. सगुणबाब नाहीत म्हणजे आज सूर्य तरी बरोबर उगवला ना, ते बघावं लागणार. बराच वेळ थांबलो. मग त्यांनी येऊ नको म्हणून सांगितलेल्या वाटेने पहिल्यांदाच वर गेलो. वाट काही वाईट नव्हती. चांगली डांबरी होती.

दार लोटलेलं होतं. सगुणबाब खाटेवर चादर ओढून झोपले होते. कपाळाला हात लावला तर ताप होता. उशाशी खाकी शर्ट घडी करून ठेवलेला, पिशवी भरलेली, थर्मास गरम. म्हणजे पहाटे उठून सगळी तयारी करून मग माणूस आडवा झाला होता. घरात दुसरं कोणी नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा जहाजावर. मी पाणी आणायला म्हणून परसदारी विहिरीवर गेलो.

आणि कळशी माझ्या हातातून खालीच पडली.

विहिरीपलीकडे, जास्वंदीच्या झाडाला लागून, काळाभोर दगड उभा होता. दोन पुरुष उंच, किंचित पुढे झुकलेला, अंगावर बोटं अडकतील अशा खाचा. शेवाळाचा ठिपका नाही. नारळाच्या सोडणाने घासून घासून चकचकीत केलेला. त्याच्या पायथ्याचे धोंडे काढून जमीन सपाट केली होती आणि तिथे ताडपत्रीखाली कापसाची दुणी गादी पसरली होती. नवरा-बायकोची, जुनी. ज्या दगडासाठी मी अर्धा तालुका पालथा घातला तो सगुणबाबांच्या परसात, माझ्यासाठी न्हाऊमाखू घालून, तयार उभा होता.

पहिली जी भावना झाली ती सांगतो. चिडलो. माझ्या गुडघ्यांवरची सालं, पाण्याची टाकी, सगळं आठवलं. सरळ आत जाऊन त्यांना उठवणार होतो. तेवढ्यात पाकळ्या दिसल्या.

दगडाच्या अंगावर सकाळचीच एक डावी पाकळी अजून चिकटलेली होती. उजवी खाली पडली होती. आणि तिच्याखाली, त्याच बाजूला, वाळलेल्या पाकळ्यांचा हा एवढा थर. म्हणजे दर रविवारी मला भेटायच्या आधी सगुणबाब ह्या दगडापुढे उभे राहून विचारत होते, हाफाला दाखवू का म्हणून. दगड दर वेळी होय म्हणत होता. आणि सगुणबाब दर वेळी पिशवी खांद्याला लावून थांब्यावर येत होते.

मी दर रविवारी काय बोलत होतो ते मला तेव्हा ऐकू आलं. एकदा दगड सापडला की तुमची सुटका.

मी कळशी भरून आत ठेवली. बाजारात जाऊन तापाच्या गोळ्या आणि पाव आणले, त्यांच्या उशाशी ठेवले, आणि त्यांना न उठवता निघून आलो.

पुढच्या रविवारी सगुणबाब थांब्यात हजर. थोडे वाळलेले, पण शर्टाची इस्त्री कडक. गोळ्या कोणी ठेवल्या विचारलं नाही. मीही परसातल्या दगडाचा विषय काढला नाही. मेहुणा दोन दिवसांनी येणार होता.

आम्ही डोंगराच्या उतारावर, रात्रीच्या दहिवराने ओल्या झालेल्या रानात गेलो, आणि दुर्दैव बघा, त्या दिवशी खरोखरच एक उत्तम दगड लागला. टण टण केलं तर घंटेसारखा वाजला. सगुणबाबांनी पाकळ्या काढल्या. आज पहिल्यांदा मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. उजवी पाकळी त्यांनी चांगली दाबून बसवली. डावी नुसती टेकवली. इतके महिने हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

पण दगडाला घाम फुटावा तसं दहिवर आलेलं. एक थेंब वरून ओघळला आणि दाबून बसवलेली उजवी पाकळी घेऊन सरळ खाली आला.

सगुणबाब बघत राहिले. त्यांच्या मनात आलं असतं तर काहीही सांगता आलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर पडलेला कौल फिरवणारा तो माणूस नव्हे. चष्मा काढून शर्टाला पुसत ते हळूच म्हणाले, "उजवी. जाला तुझा काम, हाफ."

मी दगडाला एक फेरी मारली. मागे जाऊन उगाच वाकून बघितलं. मेहुणा डोळ्यांसमोर दिसत होता, इसवण खाताना, बायकोकडे बघून हसताना. परत येऊन म्हटलं, "सगुणबाब, घोटाळा झालाय. ह्याचं नाक, डोळे, सगळं पलीकडे आहे. आपण ह्याच्या पाठीशी उभे आहोत."

"म्हणजे?"

"म्हणजे ही पडली ती डावी."

त्यांनी चष्मा लावला. माझ्याकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. कंडक्टर बिनतिकिटाच्या प्रवाशाला ओळखतो तसं बघितलं. मग पिशवीतून एक उंडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि दुसरा स्वतः खाऊ लागले.

आम्ही परत निघालो. वळण जवळ आलं. मी वेग कमी केला, हेल्मेटवरच्या टकटकीची वाट बघत. थांबा आला. टकटक नाही. थांबा मागे पडायला लागला, तरी नाही. वाटलं, झोपले की काय. मी स्कूटर जवळजवळ थांबवलीच, तेव्हा कानामागून आवाज आला.

"थांबतंस कित्याक? फुडे जागा आसा."

मी त्यांच्या घराच्या वाटेला वळलो.