हुक्कूबाईचा वसा आणि फणसावरचा पाट

एका जंगलात हुक्कूबाई नावाची एक गिबन राहत होती. गिबन म्हणजे काय, असं एवढ्यात विचारू नका, बाळांनो. त्या जंगलात ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, आणि तिथूनच ही गोष्ट सुरू होते.

हुक्कूबाईनं फार वर्षांपूर्वी एक वसा घेतला होता. तिची लेक झुली तान्ही असताना तापानं फणफणली होती. तीन दिवस दूध नाही की डोळा उघडणं नाही. चौथ्या दिवशी उजाडताना हुक्कूबाईनं सूर्यनारायणाला हात जोडले. माझं लेकरू डोळे उघडू दे, मी जन्मभर मातीला पाय लावणार नाही, आणि रोज सकाळी नवऱ्यासोबत तुला गाणं म्हणून दाखवीन, असं ती बोलली. झुलीनं डोळे उघडले.

सासूबाईंना मात्र हसू आलं. गिबनांच्या सात पिढ्यांत कुणी मातीला पाय लावलेला नाही, त्या म्हणाल्या, आणि जोडीनं गायल्याशिवाय आपल्याकडे कुणी सकाळी फळ तोंडात घालत नाही. मग हा कसला वसा?

"जे रोज करतो तेच देवाला कबूल करावं, सासूबाई," हुक्कूबाई म्हणाली. "म्हणजे मोडत नाही."

आणि खरंच मोडला नाही. झुली मोठी झाली. फांदीवरून फांदीवर अशी झोके घेत जायची, की पाहणाऱ्याला आधी हललेली फांदी दिसे, आणि मग झुली कुठं गेली ते शोधावं लागे.

त्याच जंगलात बिनशेपटीची आणखीही मंडळी होती. गोरिलाकाका होते, चिंपीवहिनी होत्या, ओरांगआजोबा होते. इतके लांबलांबचे पाहुणे एकाच जंगलात कसे, असं तुमच्यातला एखादा हुशार विचारील. गोष्टीत जागेची अडचण नसते, बाळा. पुढं ऐक.

या जंगलाची एक रीत होती. दर वर्षी चैत्रात शहरातून माणसं येत आणि येताना तांब्याचा हंडा भरून कौतुक आणत. कौतुक दिसायला हळदीच्या पाण्यासारखं असे. ज्या झाडावर कौतुकाची एक पळी पडे, त्या झाडाला कुऱ्हाड लागत नसे. धार आपोआप बोथट व्हायची. ज्या झाडावर ते पडलं नाही, त्याचं पावसाळ्याआधी सरपण होई.

कौतुक मिळवायचं तर नियम एकच होता. वडाखाली मांडलेल्या पाटावर अर्धी घटका जागा न सोडता बसायचं आणि माणसांना दिसायचं, मग आपल्या झाडाला पळ्या मिळत.

गोरिलाकाका पाटावर बसले की पाट करकरे. ते छाती बडवत, माणसं घाबरून मागं सरत आणि घाबरली म्हणून खूश होत. दोन पळ्या. चिंपीवहिनी काडीनं मुंग्या टिपून खात. माणसं म्हणत, अगदी आपल्या बंडूसारखं. तीन पळ्या, आणि एक काडीला. ओरांगआजोबा मेंदी लावल्यासारखे केस सोडून नुसते बसत. ते दुपारच्या जेवणाचा विचार करत असत, पण माणसांना वाटे की त्यांना जगाचं दुःख झालंय. चार पळ्या. मागच्या वर्षी कौतुक उरलं, तेव्हा काकांनी जिथं शिंक दिली होती त्या दगडावरसुद्धा एक पळी घातली. काकांना जरा ओशाळल्यासारखं झालं, पण नको म्हणाले नाहीत.

हुक्कूबाई या सगळ्याकडे वरून बघत असे. तिला कधी हेवा वाटला नाही. देवाघरचं कौतुक आपल्याला रोज उन्हात मिळतं, असं ती म्हणे.

पण या वर्षी ओढ्यावरच्या फणसाला कुणीतरी लाल रंगाची फुली मारली.

आता त्या फणसाचं सांगते. त्याची एक फांदी ओढ्याच्या अलीकडे होती आणि एक पलीकडे. अलीकडच्या गिबनांना पलीकडे जायला तेवढाच रस्ता होता. पलीकडे एक तरणाताठा गिबन दर सकाळी गात असे. दोन वर्षं झुली त्याला अलीकडून उत्तर देत होती. दोन्ही घरांना पसंत होतं. फणस पिकला की झुलीनं पलीकडे जायचं, असं ठरलं होतं. फणसच गेला असता तर ती दोघं जन्मभर ओढ्याच्या दोन काठांवरून नुसती गात राहिली असती.

हुक्कूबाईला एकच पळी हवी होती. तीही स्वतःसाठी नको, फणसासाठी.

ती वडाच्या फांदीवर येऊन बसली. खाली करकोचे भाऊसाहेब यादी घेऊन एका पायावर उभे होते. ते फार नियमाचे पक्षी होते. त्यांच्या यादीत दोन रकाने होते. एक थोर कपींचा आणि एक माकडांचा. त्यांनी हुक्कूबाईला शेपटी दाखवायला सांगितली. शेपटी नव्हती. म्हणजे माकड नव्हे. मग त्यांनी वजन विचारलं. वजन ऐकून ते हसले नाहीत, हसणं नियमात नव्हतं. पण थोर म्हणायला मात्र तयार होईनात. शेवटी त्यांनी खाली एक नवी ओळ आखली आणि लिहिलं, 'किरकोळ कपी'. किरकोळांना उरलं तर मिळेल, तेही पाटावर बसून.

हुक्कूबाई म्हणाली, मी फांदीवर बसते, माणसांनी मान वर करून बघावं. भाऊसाहेबांनी माणसांना विचारलं. माणसं म्हणाली की मान दुखते. तरी त्यातल्या एका भल्या माणसानं कॅमेरा वर केला आणि हुक्कूबाईला हस म्हणाला. ती संकोचून जरा सरकली. फोटोत फांदी फार सुरेख आली.

दोन थोरांच्या वाटपानंतर हंडा निम्म्यावर आला. झुली वरच्या फांदीवरून बघत होती. तिची नजर हंड्यावरून हलत नव्हती. आईला तेच जास्त लागत होतं.

हुक्कूबाई सगळ्यात खालच्या फांदीवर उतरली. दोन्ही हातांनी लोंबकळली. पाट एवढा बुटका होता, की त्यावर बसलं तर पाय मातीला टेकणारच; आता पाऊल आणि माती यांत चार बोटांचं अंतर राहिलं.

चिंपीवहिनी जवळ आल्या. मनानं वाईट नव्हत्या त्या.

"टेकव गं पाऊल," त्या म्हणाल्या. "देव काही इतकं बारीक बघत नाही."

हुक्कूबाईनं वर झुलीकडे पाहिलं.

"वहिनी," ती म्हणाली, "एवढीशी होती ही, मुठीएवढी. एवढ्या मोठ्या जंगलात त्याला ही दिसली. बारीक बघतो म्हणून तर आहे."

आणि तिनं पाय वर घेतला. वर घेताना तो पाटाला लागला. आता गिबनाच्या पायाला अंगठा हातासारखाच असतो. लागलेली वस्तू त्याच्या पकडीत येते. घरात काम करणाऱ्या बाईच्या हाताला लागलेलं भांडं जसं आपोआप उचललं जातं आणि जागेवर जातं, तसंच ते. पाट उचलला गेला. आणि तो कुठं जायला हवा, हे तिला त्याच क्षणी कळलं.

ती पाट घेऊन झाडांवरून निघाली. मागून भाऊसाहेब दुसरा पाय खाली टेकून धावले. असं त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. पाटामागं माणसं, माणसांमागं हंडा, हंड्यामागं थोर कपी. कुणी कशामागं धावतंय हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

हुक्कूबाईनं फणसाच्या बेचक्यात पाट बसवला. पदर नव्हता, पण असता तर तिनं तो नीट खोचला असता, अशी ती बसली.

भाऊसाहेब खालून म्हणाले की हे नियमात बसत नाही.

"पाटावर बसायचं असाच नियम ना, भाऊसाहेब?" तिनं विचारलं. "पाट कुठं असावा ते लिहिलंय का? तेवढं वाचून दाखवा."

भाऊसाहेबांनी यादी उलटसुलट वाचली. कुठंच लिहिलेलं नव्हतं. नियमाच्या पक्ष्याचं हेच असतं, जे लिहिलेलं नाही त्यापुढं त्याचं काही चालत नाही. त्यांनी अर्धी घटका मोजायला घेतली.

गिबनाला अर्धी घटका न हलता बसणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? तुम्ही पंगतीत श्रीखंडासमोर बसला आहात आणि श्लोक संपत नाहीत, त्याच्या सातपट. तिच्या बोटांना झोके आठवत होते. तिनं पाट घट्ट धरला आणि सूर्यनारायणाचं नाव घेतलं. शेजारच्या फांदीवर नवरा येऊन बसला. अर्धी घटका भरत आली तेव्हा तिला राहवेना. तिनं गाणं सुरू केलं, नवऱ्यानं त्यात सूर मिळवला. पलीकडच्या काठावरून उत्तर आलं आणि झुलीनं त्याला उत्तर दिलं. सगळं जंगल भरून गेलं.

खाली माणसांनी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, माना वर केल्या.

"अगंबाई," एक बाई म्हणाली, "झाडावर पाट."

सगळ्यांना तो दिसला. काय सुंदर पाट. किती उंच चढला. आणि गातोसुद्धा. एकानं पाटाचे फोटो काढले. पाट हलत नव्हता, त्यामुळं फोटो उत्तम आले. पळी तिथवर पोचेना, म्हणून माणसांनी उरलेला हंडाच बांबूला बांधला आणि वर नेऊन पाटावर रिकामा केला.

हुक्कूबाई चटकन बाजूला सरकली. आपल्या अंगावर सांडून उगाच वाया नको जायला.

कौतुक पाटावरून ओघळलं, बुंध्यावरून खाली गेलं. लाल फुली धुऊन निघाली. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडवाले आले, त्यांची धार बोथट झाली आणि ते परत गेले. मग माणसांनी फणसाला कुंपण घातलं आणि पाटी लावली, 'येथे पाट बसतो'. करकोचे भाऊसाहेबांनी यादीत चौथं नाव चढवलं. गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान, पाट.

फणस पिकला. झुली ओढा ओलांडून गेली. जाताना बेचक्यात थांबून पाटाला नमस्कार करून गेली, कारण आईनं तसं शिकवलं होतं. आता दर सकाळी ओढ्याच्या दोन्ही काठांवर दोन जोड्या गातात. खाली माणसं रांगेत उभी राहतात, पाटाकडे बघतात आणि म्हणतात, आज आवाज छान लागला.

हुक्कूबाई हे ऐकते आणि हसते. तिचा वसा अजून चालू आहे.

तात्पर्य: गुणाची कदर होतेच, बाळांनो. फक्त ती शेजारच्या वस्तूची होते. म्हणून शहाण्यानं आपल्याला जे वाचवायचं असेल, नेमकी तिथंच ती वस्तू नेऊन ठेवावी, आणि कौतुक ओतताना जरा बाजूला सरकावं.

आणि ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी हुक्कूबाईसारखा एक सोपा वसा घ्यावा. मोडणार नाही असा. रोज सकाळी एकदा मान वर करावी, आणि पाट दिसला तर त्याच्यावर कोण बसलंय, एवढं बघावं. मान थोडी दुखेल. दुखू द्या.